राष्ट्रपतींचे भाडेकरू

खांबेटे काकांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. चौऱ्याऐंशी साली आम्ही डोंबिवलीत त्यांच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो. सामान लावून दमलो होतो, म्हणून काकूंनी चहाला बोलावलं, तेव्हा पहिल्यांदा ते घर पाहिलं. गणपतीची तसबीर स्टुलावर भिंतीला टेकवून ठेवलेली. काकांच्या आईवडिलांचा फोटो कपाटाच्या डोक्यावर. आरसा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला, आणि कॅलेंडर दाराच्या कडीला, त्यामुळे दार उघडलं की महिना भिंतीकडे तोंड करून बसायचा. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, कुठेही गेलं की मदत केल्याशिवाय चैन पडत नाही. तो म्हणाला, "काका, हातोडी आणू का? आमची सामानात वरच ठेवलेली आहे."

"हातोडी आमच्याकडेही आहे," काका म्हणाले. "भिंत आमची नाहीये."

"म्हणजे भाड्याने राहता तुम्ही?"

"तसंच म्हणा. राष्ट्रपतींची आहे भिंत."

आम्हाला वाटलं म्हातारा विनोदी आहे. म्हातारा म्हणण्याइतकं वयही नव्हतं त्यांचं, पन्नाशीसुद्धा गाठलेली नव्हती, पण काही माणसं तरुणपणीच काका होतात. विनोद मात्र अजिबात नव्हता. काका केंद्र सरकारच्या एका खात्यात, ठाण्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. घर घ्यायला त्यांनी ऑफिसकडून कर्ज काढलं होतं, आणि त्या कर्जासाठी सरकारी माणसाला आपलं घर भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने गहाण ठेवावं लागतं. सगळेच ठेवतात. सही करतात, विसरून जातात आणि संध्याकाळी खिळे ठोकून मोकळे होतात. काका विसरले नाहीत. डोंबिवली पूर्वेच्या दोन खोल्यांत, जिथे नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि रात्री वारा फिरला की एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास यायचा, तिथे ते राष्ट्रपतींच्या वास्तूत राहत असल्यासारखे जपून वागायचे.

अंगाने किरकोळ, उंचीने बेताचे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. बोलणं कमी. पण एक वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून कितीदा तरी निघायचं. "घर सुटू दे, मग बघू." टीव्ही घ्यायचा? घर सुटू दे. पंख्याचा आवाज येतो? घर सुटू दे. काकूंच्या भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला जायचं? घर सुटू दे. आमच्या मजल्यावर हे वाक्य इतकं रुळलं की सुधीर त्यांच्या पाठीमागे त्यांना सुटूदे काका म्हणायला लागला. मीही हसायचे. आता त्या हसण्याचं फारसं कौतुक वाटत नाही.

कोणी त्यांना कंजूष म्हटलं की मात्र मला राग यायचा. कंजूष माणूस वेगळा असतो. सुधीरला कावीळ झाली तेव्हा काका सलग दोन रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते, आणि सकाळी तिथूनच परस्पर ऑफिसला गेले. सोसायटीत पाण्याचा टँकर आला की आधी म्हाताऱ्यांच्या बादल्या भरून द्यायचे. त्यांच्याकडे जेवायला गेलं तर आग्रह इतका, की वाटी पालथी घालावी लागायची. दुसऱ्यासाठी हात सैल होता. स्वतःसाठी आणि काकूंसाठी मात्र तो घट्ट मिटलेला असायचा, कारण काकू त्यांच्या हिशेबी 'स्वतः'मध्येच यायच्या. इथेच सगळी गडबड होती असं मला पुढे वाटत राहिलं.

बोनस आला की कर्जात. रजेचे पैसे मिळाले की कर्जात. पगारवाढीची थकबाकी मिळाली तेव्हा अख्ख्या ऑफिसने फ्रिज घेतले, काकांनी ती रक्कम जशीच्या तशी सरकारला परत केली. त्यांच्या ऑफिसातले कुलकर्णी आमच्याच गल्लीत राहायचे. ते काकांना रस्त्यात गाठून म्हणायचे, "अहो खांबेटे, इतक्या कमी व्याजाचं कर्ज जगात कोणी देत नाही. फेडायची घाई कसली? तेच पैसे बँकेत ठेवलेत तरी फायद्यात राहाल."

"व्याजाचं नाही हो काही," काका म्हणायचे आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागायचे.

कशाचं होतं ते मला एकदा कळलं. मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका शाळेत शिकवायचे. एकदा शाळा सुटल्यावर बाजारपेठेत काका भेटले, म्हणाले, चला, स्टेशनपर्यंत बरोबर जाऊ. वाटेत एका दुमजली इमारतीसमोर ते थांबले. खाली औषधाचं दुकान, वर डॉक्टरची पाटी. म्हणाले, "इथे आमची खोली होती. वडील गेल्यावर भाडं थकलं. मालक चांगला होता बिचारा, बरेच महिने थांबला. मग एक दिवस सामान खाली आणून ठेवलं. आई त्या तिथे, त्या पायरीवर बसली होती. पुढ्यात पिंप, पाटा, देवांची पेटी. आणि समोरच्या सगळ्या खिडक्यांमध्ये माणसं."

मी त्या पायरीकडे बघितलं.

"कोणी हसलं नाही हो," ते म्हणाले. "सगळे चांगलेच लोक. पण खिडक्यांतून हटलं नाही कोणी."

मग त्यांनी दुकानातून काकूंसाठी गुडघ्याला लावायचं मलम घेतलं आणि आम्ही स्टेशनकडे निघालो. त्यानंतर मी त्यांच्या सुटूदेला हसणं कमी केलं.

आता काकूंबद्दल. शालिनीकाकू गुहागरकडच्या. मूलबाळ नव्हतं. हसऱ्या, गोऱ्या, थोड्या स्थूल, आणि बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. काका घरी नसले की आमच्या दोन्ही दारांमधल्या चार फुटांच्या जागेत त्यांचा दरबार भरायचा. एकदा तांदूळ निवडताना मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्हाला कुठे जावंसं वाटतं हो?" मला वाटलं काशी म्हणतील, नाहीतर काश्मीर.

"मला रात्रीच्या गाडीत झोपायचंय," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माहेरी गेले तर एसटीने, तीही दिवसाची. रेल्वेत झोपलेच नाही गं मी कधी. रात्री बर्थवर आडवं व्हायचं, गाडी हलतेय, आणि सकाळी उठून खिडकीतून बघितलं तर समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचताच येत नाहीयेत. असल्या गावात जायचंय."

"स्टेशनच्या पाटीवर हिंदी असतंच पण."

"म्हणून तर दुकानांच्या म्हटलं. कुलकर्ण्यांच्या बायकोने सांगितलंय मला. तिकडे दक्षिणेत नुसती जिलबी काढल्यासारखी अक्षरं." एवढं बोलून त्या मनापासून हसल्या.

जायला अडचण पैशाची म्हणावी तर फार नव्हती. केंद्र सरकार आपल्या माणसांना चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही जायचं रेल्वेभाडं देतं. काका ती सवलत घेत नव्हते. ऑफिसातले काही बहाद्दर घरी बसून तिकिटांचे कागद जोडायचे आणि पैसे उचलायचे. एकाने काकांनाही सुचवलं, की तुम्ही तसं करा आणि पैसे कर्जात भरा. काका त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. म्हणजे फुकटचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि हक्काचा प्रवासही करायचा नाही.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती त्यांनी स्वतःच बांधून ठेवली होती. त्यांच्या आईचं म्हणणं असं, की ज्या घराची वास्तुशांत झालेली नाही त्या घराला रात्री कुलूप घालू नये, घर रात्री एकटं ठेवू नये. आणि काकांचं म्हणणं, की घर जोपर्यंत राष्ट्रपतींचं आहे तोपर्यंत आपण त्याची वास्तुशांत कशी करायची? दुसऱ्याच्या घराची कोणी शांत करतं का? म्हणून कर्ज फिटेपर्यंत वास्तुशांत नाही, आणि वास्तुशांत होईपर्यंत दोघांनी मिळून एक रात्रही बाहेर काढायची नाही. काका कोणाच्या कार्याला गेले तर काकू घरी. काकू माहेरी गेल्या तर काका घरी. मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, आम्ही समोर आहोत ना. सुधीर झोपायला येईल तुमच्याकडे." ते म्हणाले, "तुम्ही चांगलं म्हणून सांगताय. पण माझं लक्ष लागणार नाही." दोन गाठी एकमेकींत अडकवून ठेवलेल्या, आणि त्या माणसाला वाटायचं आपण घर सांभाळतोय.

आमच्या वरच्या मजल्यावरचे जोशी काशीला जाऊन आले. त्यांनी मावंदं घातलं. काशीहून आणलेल्या गंगेच्या गडूची पूजा आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवण. स्वयंपाकाला अर्थातच खांबेटे काकू. सकाळपासून पुरण वाटत होत्या. जोशीबाई बायकांमध्ये बसून प्रवासाचं सांगत होत्या, घाट कसे, गल्ल्या कशा, पंडे कसे लुबाडतात. काकू मधेच परातीवरचा हात थांबवून विचारायच्या, "गाडीत झोप लागली का हो?" जोशीबाईंना तो प्रश्नच कळेना. त्या पुन्हा घाटांवर गेल्या. थोड्या वेळाने काकूंनी परत विचारलं, "आणि वरचा बर्थ मिळाला तर चढायचं कसं?"

मला वाटतं त्या दिवशी काकांनी हे ऐकलं असावं. ते पंगतीत वाढत होते. कारण नंतर काही महिन्यांनी, अठ्ठ्याऐंशी साली, अघटित घडलं. कुलकर्णी आणि ऑफिसातली आणखी चार-पाच कुटुंबं कन्याकुमारीला निघाली होती, आणि काकांनी त्यांच्याबरोबर दोन नावं घातली. सुधीरने त्यांच्या घरी झोपायचं हेसुद्धा कबूल केलं. काकू त्या महिन्यात वेगळ्याच झाल्या. माझ्याकडून अंथरुणाचा होल्डॉल मागून नेला. गुळपापडीचे लाडू केले, दशम्या कधी करायच्या ते ठरवलं, डब्याला कुठला पंचा बांधायचा इथपर्यंत तयारी. काका ते बघायचे आणि थोडे हसायचेही. त्यांना हसताना बघून बरं वाटायचं.

जायच्या आदल्या आठवड्यात काकांच्या हातात एक पॉलिसी पिकून आली. रक्कम बरी होती. त्यांनी कागद घेऊन मांडणी केली, आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही रक्कम आणि प्रवासाला काढून ठेवलेले पैसे असे दोन्ही भरले तर घर बरीच वर्षं आधी सुटेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकिटं रद्द केली. काकूंना विचारलं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं सांगितलं. विचारणं आणि सांगणं यात फरक असतो हे त्या पिढीतल्या पुष्कळ चांगल्या पुरुषांना कळायचं नाही.

काकू संध्याकाळी होल्डॉल परत करायला आल्या. धुऊन, वाळवून, पट्टे नीट बांधून. मी इतकी चिडले होते की दारातच विचारलं. "काकू, तुम्ही भांडलात का नाही?"

"काय भांडायचं? त्यांचं चूक नाहीये. लवकर सुटेल म्हणतात घर."

"आणि तुमचं?"

त्यांनी होल्डॉल माझ्या हातात दिला. "एकदा पसरून बघितला हा दुपारी. उशीचा कप्पा छान आहे गं." मग म्हणाल्या, "लाडू पाठवते तुमच्याकडे. आमच्याने संपायचे नाहीत."

ते लाडू आम्ही खाल्ले. मला प्रत्येक लाडवाला काकांचा राग आला. आणि तरीही दुसऱ्या दिवशी जिन्यात काका दिसले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती. त्यांनाही त्रास झाला होता. फक्त त्यांना खात्री होती, की हा त्रास साठवून ठेवता येतो आणि पुढे त्याचं काहीतरी चांगलं होतं.

त्र्याण्णव साली घर सुटलं. मुदतीच्या कितीतरी आधी. काका निवृत्त व्हायला थोडाच अवधी होता. पेढ्यांचा पुडा घेऊन ते प्रत्येक दारात गेले. मग घरी येऊन त्यांनी माळ्यावरून हातोडी काढली, ती इतकी वर्षं न वापरता गंजली होती, आणि सुधीरला हाक मारली. गणपतीची तसबीर लावायची होती. पहिला खिळा ठोकला आणि वीतभर प्लास्टर खाली आलं. दुसरा थोडा बाजूला ठोकला, तोही हलायला लागला. आमच्या बिल्डिंगला बिल्डरने खाडीची रेती वापरली होती, दहा वर्षांत भिंती आतून भुसभुशीत झाल्या होत्या. आमच्या घरी हे केव्हाच कळलं होतं, कारण आम्ही खिळे मारत होतो. काकांना कळायचं काही कारण नव्हतं. ते स्टुलावर उभे, केसांवर पांढरा चुरा, आणि खाली काकू तसबीर पोटाशी धरून. सुधीर म्हणाला, "काका, लाकडाची खुंटी ठोकून बघू, धरेल." खुंटी ठोकली, धरली. पण तोपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचा पेढ्यांचा आनंद गेला होता.

वास्तुशांत थाटात झाली. काका सोवळ्यात, काकू हिरव्या शालूत, होमाच्या धुराने दोघांचे डोळे लाल. सगळा मजला जेवायला. पानांवर बसल्या बसल्या काकांनी मोठ्याने जाहीर केलं, "आता पुढच्या महिन्यात कन्याकुमारी. दोघंच. हा माझा शब्द आहे तिला." सगळ्यांनी वाहवा केली. मी काकूंकडे बघितलं. त्या भात वाढत होत्या, आणि वाढतच राहिल्या.

पुढच्या महिन्यात त्या गेल्या नाहीत. काकू म्हणाल्या, उन्हाळा आहे. मग म्हणाल्या, पाऊस आहे. दिवाळीनंतर म्हणाल्या, गुडघे दुखतात. साखरही निघाली होती थोडी. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा. तरी नाही. काका तिकिटं काढायचे आणि रद्द करायचे. पूर्वी ज्या माणसाने एकदा रद्द केली होती, तोच आता पुन्हा पुन्हा खिडकीशी उभा राहून पैसे कापून घ्यायचा, आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आमच्याकडे येऊन म्हणायचा, "तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती."

मी सांगितलं. आमच्या त्या दोन दारांमधल्या जागेतच. म्हटलं, "काकू, राग असेल तर बोलून टाका. पण हट्ट कशाला? तुमचीच इच्छा होती ना?"

"राग नाहीये गं." त्या खरंच रागावलेल्या दिसत नव्हत्या. "पूर्वी मला रात्री पडल्या पडल्या गाडीचा आवाज आला की वाटायचं, आपण कधी? आता आवाज येतो आणि मी झोपते. जावंसंच वाटत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला वाटून घ्यायचा. त्यांच्यासाठी. नाही वाटत." आणि म्हणाल्या, "त्याचंच वाईट वाटतं बघ. जायला मिळालं नाही त्याचं नाही वाटलं एवढं."

हे मी काकांना सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? राग असता तर माणूस पाया पडून, रडून, भांडून काढू शकतो. काकांना तर कर्ज फेडण्याची सवय होती. हे फेडता येण्यासारखं नव्हतं.

शेवटी शहाण्णव साली काकू हो म्हणाल्या. माझी खात्री आहे, त्या काकांची दया येऊन हो म्हणाल्या. मी आणि सुधीर त्यांना पोचवायला कल्याणला गेलो. काकांनी नवा होल्डॉल घेतला होता. खालचा बर्थ, खिडकीशी. स्वतः अंथरूण पसरलं, हवेची उशी फुगवली, पाण्याची सुरई हाताशी ठेवली, चपला कुठे ठेवायच्या ते दाखवलं. नवरीमुलीची पाठवणी केल्यासारखं करत होते. काकू बसल्या होत्या, पर्स मांडीवर धरून. मला म्हणाल्या, "नीला, दुधाच्या पिशवीवाल्याला सांगितलंस ना?" गाडी हलली तेव्हाही त्यांनी मला हेच विचारलं.

परत आल्यावर काकांनी आठवडाभर सगळ्या मजल्याला प्रवास सांगितला. तीन समुद्रांचं पाणी, वाळूचे रंग, इडल्या. काकू शेजारी बसून मान डोलवायच्या, विचारलं की "हो, छान होतं" म्हणायच्या. एकट्या सापडल्या तेव्हा मी विचारलं, "झोपलात का गाडीत?"

"झोपले की. चांगली झोप लागली. सकाळी यांनी उठवलं मला. म्हणाले, शालू, बघ, बघ लवकर, दुकानांच्या पाट्या. उठून बघितल्या."

"मग?"

"मग म्हटलं, हो. नाही वाचता येत."

त्यांनी एवढं सांगितलं आणि भाजी चिरायला घेतली. मला रडू आलं, त्यांना नाही आलं.

काकांना मी समजत होते तेवढं ते अजाण नव्हते. एका संध्याकाळी दिवे गेले होते म्हणून सगळे जिन्यात बसलो होतो. हळूहळू एकेक जण उठून गेला, काका आणि मी राहिलो. अंधारात चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बोलले असतील. "मी दाखवलं ते सगळं बघितलं हो तिने," ते म्हणाले. "सूर्य उगवताना बघितला, देऊळ बघितलं, सगळं. कंटाळली नाही, कुरकुर नाही. पण इतक्या दिवसांत तिने मला एकदाही हात लावून म्हटलं नाही, की अहो, ते बघा."  मग म्हणाले, "पूर्वी म्हणायची. डोंबिवलीला यायच्या आधी नौपाड्यात राहायचो, तेव्हा आम्ही नुसते भाजी आणायला गेलो तरी म्हणायची. मी चालत राहायचो."

  दिवे आले आणि आम्ही आपापल्या घरात गेलो.

अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला आम्ही घोडबंदर रोडला नव्या वसाहतीत घर घेतलं. तेव्हा तिथे निम्म्या इमारती बांधून होत होत्या, रस्ता खणलेला, संध्याकाळी नुसती धूळ. वीस वर्षांचं कर्ज काढलं होतं. वास्तुशांत आम्ही राहायला यायच्या आधीच केली, सगळे करतात तशी. काका आले, एकटे. काकूंना जिने-बस नको वाटतं म्हणाले, आमच्याकडे लिफ्ट आहे हे त्यांना माहीत असूनही. सगळ्या खोल्या बघितल्या, गॅलरीतून डोंगर बघितला. अंगाने फार उतरले होते.

सुधीरला त्यांना खूश करायचं होतं. तो म्हणाला, "काका, बोनस मिळाला की कर्जात भरणार हं मी. तुमचाच धडा. दहा वर्षांत मोकळा होणार."

काका हातातला पेढा नुसता धरून होते. "नको रे," ते म्हणाले. "हप्ता चुकवू नकोस. तेवढं कर. बाकी सावकाश." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बँक थांबते."

जेवणानंतर ते फार बसले नाहीत. ती घरी एकटी आहे म्हणाले. मी प्रसादाची पुडी आणि काकूंसाठी पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेले. चालताना म्हणाले, "तिला एकटीला काही वाटत नाही हो आता. मलाच बाहेर राहवत नाही." मी म्हटलं, पुढच्या रविवारी येते काकूंना भेटायला. ते म्हणाले, या. त्या रविवारी जमलं नाही, आणि नंतर काका आजारी आहेत असं कळलं तेव्हा उशीर झालेला होता. त्यामुळे त्यांना मी पाहिलं ते त्या दिवशी, स्टॉपवर, शेवटचं.

ठाणे स्टेशनची बस तिथूनच सुटायची, म्हणून रिकामीच होती. काका चढले आणि दोघांच्या बाकावर कडेला बसले, खिडकीची जागा मोकळी ठेवून. मी खालून हात केला, त्यांनीही केला. बस भरत गेली. एक माणूस त्यांच्यापाशी येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "कोणी आहे का इथे?" काकांनी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. थोडा वेळ बघितलं. मग पुरणपोळ्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि आत सरकले.